चौथं प्रकरण आणि पंधरवड्याची फेरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गाइड म्हणाले तरी तुझ्या प्रबंधातलं 'ऊसक्षेत्र आणि भूजल' हे चौथं प्रकरण गाळू नकोस. तुझ्या पत्रातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. पण एवढं सांगून हात झटकणं बरोबर नाही. मी निवृत्त आहे, माझं पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होतं. प्रकरण ठेवण्याची किंमत मोजायची आहे ती तुला. म्हणून ते कसं ठेवायचं, आणि फेलोशिप अडकलेली असताना काम कसं चालू ठेवायचं, हे सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. आठ महिने फेलोशिप जमा झाली नाही, आणि चौकशीला गेलीस की दर वेळी नवा कागद मागतात. कधी हजेरीचा दाखला, कधी घरभाडे भत्त्याचं हमीपत्र, कधी सहामाही प्रगती अहवालावरचा शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा सगळं. 'माझंच काही चुकतंय का?' असं तू विचारलंस. नाही गं, तुझं काही चुकत नाही. संशोधनाचा पैसा थांबतो तेव्हा 'थांबवला' असा आदेश क्वचितच निघतो. जागा कमी होतात, निकष बदलतात, फाइल 'निधी उपलब्धतेच्या अधीन' पडून राहते, आणि मुलं दमून आपणहून बाजूला होतात. मग कागदोपत्री कुणी कुणाला काढलेलं नसतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नेट ही पात्रता परीक्षा पास नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचं ठरवलं होतं. पीएचडीच्या विद्यार्थ्याला त्यात मिळत होते महिना ८ हजार रुपये. मुलं दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसली म्हणून ती टिकली, पण रक्कम पुढे कित्येक वर्षं तीच राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. इतर योजनांशी ती दुहेरी होते, हे कारण दिलं. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या बार्टी या संस्थेच्या फेलोशिपची मुलं आझाद मैदानावर उपोषणाला बसली ती तुझ्याच पिढीची. डिसेंबर २०२३ मध्ये मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सारथी या संस्थेच्या पीएचडी फेलोशिपवरच्या २०० जागांच्या मर्यादेवर विधिमंडळात प्रश्न आला, तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असं सत्ताधारी बाकांवरून ऐकायला मिळालं. ते वाक्य मला फार लागलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुलींच्या घरात त्या पहिल्याच पदवीधर होत्या. त्यांच्या आयांनी विड्या वळून फी भरली होती.

देश म्हणून आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. हा २०२०-२१ चा आकडा. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला पैसा देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे, असं तेव्हा जाहीर झालं, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावा अशी कल्पना होती. उद्योगांनी संशोधनाला पैसा द्यावा, माझी त्याला हरकत नाही. पण तू मोजतेस तशी मोहोळ तालुक्यातल्या विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजायला कुठला उद्योग पैसा देईल? आणि दिलाच, तर या जिल्ह्यात तो उद्योग साखरेचाच असेल, हे तुला मी सांगायला नको. काही प्रश्न असे असतात की ते लोकांच्या पैशातूनच विचारले जाऊ शकतात. म्हणून फेलोशिप मागताना मान खाली घालू नकोस.

तुझ्या मैत्रिणीची अमेरिकेतली जागा मागे घेतली गेली, हे वाचून वाईट वाटलं. तिकडचं जे घडलं ते नीट समजून घे, कारण त्यात आपल्यासाठी शिकण्यासारखं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे करार आणि अनुदानं रद्द केली. एप्रिलमध्ये हार्वर्डने सरकारच्या मागण्या नाकारल्या आणि त्याच दिवशी त्यांचे २.२ अब्ज डॉलर गोठवले गेले. प्रवेश कसे द्यायचे, नेमणुका कशा करायच्या, कुठल्या विभागावर बाहेरची देखरेख ठेवायची, असल्या त्या मागण्या होत्या, आणि अडवलेला पैसा मात्र बहुतांशी कर्करोगावरच्या, साथरोगांवरच्या प्रयोगशाळांचा. ज्याचा वादाशी काही संबंध नाही त्याचा पैसा अडवला की वादातला माणूस लवकर वाकतो, हे या दबावामागचं गणित. कोलंबियाने जुलैमध्ये तडजोड केली आणि २० कोटी डॉलर तीन वर्षांत भरायचं कबूल केलं, शिवाय आणखी २.१ कोटी. हार्वर्ड कोर्टात गेलं आणि ३ सप्टेंबर २०२५ ला न्यायाधीशांनी ही गोठवणूक बेकायदा ठरवली. हार्वर्डकडे ५० अब्ज डॉलरहून जास्त गंगाजळी आहे, म्हणून ते कोर्टाची पायरी चढू शकलं, असं लोक म्हणतात. खरं आहे. आपल्या सोलापूरच्या, एका जिल्ह्यापुरत्या आणि २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला असली गंगाजळी कुठून असणार? म्हणून आपल्याकडे संस्था लढेल या भरवशावर राहता येत नाही. संशोधकालाच आपलं काम असं रचावं लागतं की पैसा आटला तरी ते मरणार नाही.

याच काळात अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था मोडीत निघाली आणि तिच्या पैशावर चाललेली कृषी संशोधनाची कामं एका पत्रासरशी थांबली. कॅन्सस स्टेट विद्यापीठात ज्वारी, बाजरी, गहू आणि भात बदलत्या हवामानात कसे तगतील यावर काम करणारी प्रयोगशाळा होती, ती त्यात गेली. ज्वारी म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाचे कान टवकारतात. आपली मालदांडी, एम ३५-१, मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणातून निवडून काढली ती १९३० च्या दशकात. त्याच दशकात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी देशात जी मोजकी केंद्रं निघाली, त्यात विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतकबरोबर सोलापूर होतं. एवढ्या वर्षांनंतरही रब्बीत शेतकरी तीच मालदांडी पेरतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात 'ठोस निष्पत्ती' मागणाऱ्या आजच्या अर्जात ते काम कुठल्या रकान्यात बसलं असतं?

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे तिथे येते.

तुझी गावं ज्या पट्ट्यात आहेत, तिथूनच जवळ शिरापूर आहे, मोहोळ तालुक्यातलं. आणि उत्तर सोलापुरात कळमण. १९७५ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने कोरडवाहू भागातली सहा गावं निवडली, त्यांतली ही दोन आपल्या जिल्ह्यातली. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. प्रत्येक गावातली ४० घरं घेतली: ३० शेतकऱ्यांची, १० भूमिहीन मजुरांची. तपासनीस गावातच राहायला. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरी जाणार आणि तेच प्रश्न विचारणार. काय पेरलं, किती मजुरी मिळाली, कुणाकडून उसने घेतले, काय खाल्लं, बैल विकला का, मुलगी कुठे दिली. गावकऱ्यांना सुरुवातीला हा माणूस नक्की कशासाठी आलाय ते उमगत नसणार. पण वर्षामागून वर्ष तीच घरं, तेच प्रश्न, आणि त्यातून जे साठत गेलं त्याला जगात तोड नव्हती.

१९९४ मध्ये रॉबर्ट टाउनसेंड या अर्थतज्ज्ञाने त्यातल्या तीन गावांच्या नोंदी, शिरापूर धरून, तपासल्या. एखाद्या घराचं त्या साली उत्पन्न बुडालं तरी त्या घराचं खाणंपिणं तेवढ्या प्रमाणात खाली जात नाही, गावातली घरं एकमेकांना बऱ्यापैकी सावरतात, असं त्याला दिसलं. एका गावात मात्र भूमिहीनांच्या वाट्याला हे सावरणं कमी येत होतं. विकासाचं अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी जगात कुठेही असो, तो हा अभ्यास वाचतो. म्हणजे शिरापूरच्या चुलीवर काय शिजलं याची नोंद जगभर शिकवली जाते.

आणि १९८५ नंतर ती नियमित नोंद थांबली. २००१ च्या सुमाराला पुन्हा सुरू झाली. मधला काळ रिकामा. हा मधला काळ कुठला ते नीट बघ. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. त्यानंतर कालव्यांचं पाणी पुढे सरकत गेलं, बोअर मारणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, एकामागून एक साखर कारखाने उभे राहिले. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आज आपल्या जिल्ह्यात आहेत. ज्वारीच्या रानात ऊस शिरला, तो याच वर्षांत. कुणी आधी लावला, कर्ज कुणाकडून काढलं, शेजाऱ्याची विहीर कितव्या वर्षी आटली, मजुरीला जाणाऱ्या बायकांचं काय झालं: हे सगळं घराघरातून, महिन्यामहिन्याने टिपायची सोय ज्या गावात होती, त्या गावात नेमकं त्याच वेळी कुणी वही उघडली नाही. आता कितीही कोटी ओतले तरी १९९१ चा मार्च महिना शिरापुरात पुन्हा मोजता येणार नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारता येईल, ती सांगतीलही, पण आठवण आणि नोंद यांत फरक असतो, आणि तो तुला मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवलाय.

निधी कपातीचं खरं नुकसान माझ्या मते हे आहे. इमारत नंतर बांधता येते, यंत्र नंतर घेता येतं, रखडलेली फेलोशिप एकरकमी मिळू शकते. तुटलेली नोंद जोडता येत नाही.

म्हणून तुझ्या विहिरींची नोंद काही झालं तरी तुटू देऊ नकोस. तू वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेस, ते मी मोठे करून बघितले. १४ फेब्रुवारीच्या ओळीत ९.४ मीटर लिहून पुढे कंसात 'मोटर पहाटे ४ पर्यंत' असं लिहिलंयस. त्या कंसासाठी तुझी पाठ थोपटते. या भागात शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की सकाळी सातला विहीर उपसलेली असते, आणि त्या आकड्यावरून कुणी पाणी खाली गेलं असं म्हणालं तर ते साफ चूक ठरतं. प्रत्येक नोंदीला हा कंस हवाच. कठड्यावर लाल ऑइलपेंटची जी खूण केलीस, तिथूनच टेप सोडायची. विहीरमालकाने कठडा नव्याने बांधला तर जुन्या-नव्या उंचीतला फरक त्याच दिवशी लिहून ठेवायचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुझ्या गावांजवळच्या त्यांच्या विहिरींचे आकडे जिल्हा कार्यालयातून लेखी अर्ज करून घे. नाही मिळाले तर माहिती अधिकारात माग. त्या चार तारखांना तुझे आकडे त्यांच्याशी जुळतात हे दाखवता आलं, तर मधल्या वीस नोंदींवर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

पैसा नसताना काय करायचं? फेऱ्या कमी करू नकोस, विहिरी कमी कर. तू ४० विहिरी घेतल्यास, त्या झेपत नसतील तर १२ ठेव, पण पंधरवडा चुकवू नकोस. कुठल्या १२, हे आत्ता, मनासारखा निकाल कुठल्या विहिरीत दिसतो ते न बघता ठरव. कालव्याजवळच्या, कालव्यापासून लांबच्या, उसाच्या, बिनउसाच्या, असे गट पाड आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून निवड. चिठ्ठ्या टाकल्या ती तारीख, कोण हजर होतं, मूळ यादी काय होती, हे वहीत लिहून खाली सही कर. उरलेल्या विहिरी शक्य झालं तर वर्षातून दोनदा, ऑक्टोबरला आणि मेमध्ये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एवढी फेरी सीएचबीच्या, म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवण्याच्या, पैशातही बसेल. सीएचबी घ्यावं लागतं याची खंत करू नकोस, फक्त तास घेताना आठवड्यातला एक पूर्ण दिवस फेरीसाठी मोकळा मागून घे.

वहीची प्रत दर महिन्याला काढायची. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक जिल्ह्याबाहेर कुणा विश्वासाच्या माणसाकडे. हे मी भीतीपोटी सांगत नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा कपाटं फुटली, हस्तलिखितं आणि पुस्तकं विस्कटली. शिवाजी महाराजांवरच्या ज्या पुस्तकावरून राग होता त्याच्याशी त्या कपाटांमधल्या बहुतेक कागदांचा काही संबंध नव्हता. आपल्या राज्यात हे घडलंय, एवढं लक्षात ठेवायचं आणि प्रती काढायच्या.

आता चौथं प्रकरण. 'वातावरण बरं नाही, हे सध्या राहू दे', असं तुझे गाइड म्हणाले. त्यांच्यावर चिडू नकोस. पदोन्नतीची फाइल, महाविद्यालय चालवणारी मंडळी, विभागातल्या रिकाम्या जागांमुळे तिप्पट झालेला बोजा, हे सगळं त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांनी तुला धमकी दिलेली नाही, त्यांना काळजी आहे, आणि ती निराधार नाही. पण सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे) मंजूर झाला तेव्हा 'ऊसक्षेत्र आणि भूजल' हे प्रकरण त्यात होतं. मंजूर आराखड्यातला भाग काढायचा तर त्याचं शैक्षणिक कारण लेखी हवं. अशी चर्चा झाली की त्याच संध्याकाळी नम्रपणे ईमेल कर: 'सर, आज आपण चौथ्या प्रकरणाबाबत असं असं सुचवलंत. मला नीट कळलं ना? त्यामागचं पद्धतीविषयक कारण समजलं तर सुधारणा करीन.' आवाज चढवायचा नाही, कुणाला कोंडीत पकडायचं नाही. पुष्कळ वेळा तोंडी सांगितलेली गोष्ट कागदावर यायची वेळ आली की ती आपोआप मागे पडते. आणि खरंच पद्धतीतली त्रुटी दाखवली, तर आनंदाने सुधार.

प्रकरण टिकायचं तर ते पक्कं लागेल. तुझा मसुदा वाचताना मला दोन ठिकाणी खटकलं. 'कारखान्यांमुळे विहिरी आटल्या' असं तू एका जागी सरळ लिहिलंस. तुझ्या आकड्यांतून एवढं सिद्ध होत नाही. कालव्याबाहेरच्या ज्या शिवारात बोअरवरचा ऊस वाढला, तिथल्या विहिरी बाकीच्यांपेक्षा आधी तळ गाठतात, हे दिसतं, तेवढंच लिही. पाऊस त्या वर्षी किती होता, मुरूम किती खोल आहे, बोअर किती आणि किती फुटांचे आहेत, हे सोबत मांड. कमी बोललीस आणि प्रत्येक शब्दाला पुरावा दिलास तर ते वाक्य कुणाला हलवता येणार नाही. कारखान्यांची नावं प्रबंधात देऊ नकोस, अ, ब, क म्हण. तुझा प्रश्न शिवाराचा आहे आणि नाव आलं की सगळी चर्चा त्या नावावर जाईल. विहीरमालकांची नावंही नकोत. त्यांनी तुला चहा पाजून, खाट टाकून माहिती दिली, कारखान्याने उद्या राग धरून त्यांच्याकडे ऊसतोडणीची टोळी उशिरा पाठवली तर ते पाप आपलं.

दुसरी खटकलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. ऊस लावणारा शेतकरी तुझ्या प्रकरणात नुसता पाणी उपसणारा माणूस म्हणून येतो. तो ऊस का लावतो ते त्याच्या तोंडून येऊ दे. डाळिंबावर तेल्या रोग पडला की बाग काढावी लागते. कांदा घेऊन सोलापूर बाजार समितीत गेलं की त्या दिवशी भाव काय फुटेल याचा नेम नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कारखाना टोळी पाठवून तोडून नेतो, पैसे उशिरा का होईना खात्यात येतात. ज्याच्या डोक्यावर मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज आहे, त्याने हा हिशेब केला तर त्यात वेडेपणा काय? हे तू मनापासून लिहिलंस, तर प्रकरण शेतकऱ्याच्या विरोधात आहे असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि मग हेही लिही, की पाण्याची तूट असलेल्या उपखोऱ्यांत ऊस नको, असं माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९९९ मध्येच राज्य सरकारला सांगितलेलं आहे. सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा अहवाल आहे तो. तू नवं बंड करत नाहीस. उजनीत ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसी मृतसाठा आहे आणि दर दोन-चार उन्हाळ्यांनी उपयुक्त पाणी संपून धरण मायनसमध्ये गेल्याच्या बातम्या येतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट विद्यापीठाच्या प्रबंधात नसावी, हा हट्ट कसला?

मला बाहेरच्या दबावापेक्षा दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटते, आणि ती तुझ्या पत्रात मला एका ओळीत दिसली. 'पुढच्या वेळी साधा विषय घेईन', असं तू लिहिलंयस. कुणी काही न म्हणताच आपण प्रश्न सोडून देतो, तो दबाव कुठल्याच कागदावर येत नाही. सरकारी पाहण्यांच्या बाबतीत निदान ते दिसतं तरी. २०१७-१८ ची घरगुती खर्चाची पाहणी झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन ती प्रसिद्ध करायची नाही असं ठरलं. त्याआधी, रोजगाराची पाहणी अडकली म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. तो अहवाल मे महिन्याच्या शेवटी बाहेर आला, बेरोजगारीचा दर होता ६.१ टक्के. माहिती दडली तर निदान बातमी होते, लोक विचारतात. न विचारलेल्या प्रश्नाची बातमी होत नाही. तू साधा विषय घेतलास तर जगाला कळणारसुद्धा नाही की काय राहून गेलं.

पैशाचे दुसरे मार्ग शोध. आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, फेलोशिपचा अर्ज भर, जाहिरात आली की लगेच. एखादी संस्था प्रकल्पाला पैसा देऊ करेल तेव्हा करारातलं एक कलम आधी वाच: निष्कर्ष छापण्यापूर्वी त्यांची मंजुरी लागते का? मसुदा त्यांना दाखवणं ठीक, सूचना घेणं ठीक, पण मंजुरीची अट असेल तर रक्कम कितीही असो, सही करू नकोस. संस्था सरकारी असो की खासगी, डाव्या विचारांची असो की उजव्या, नियम एकच. आपल्या आवडीच्या माणसांकडून आलेली अटही अटच असते.

परदेशाचं म्हणशील तर संधी आली की जरूर जा. शिकून ये किंवा तिकडे राहा, तो तुझा प्रश्न. जाण्याआधी वही कुणाच्या हाती सोपवायची ते मात्र ठरव. तुझ्या मागच्या बॅचमधली ती वैरागची मुलगी चांगली आहे, तिला पुढच्या दोन फेऱ्यांना सोबत ने आणि टेप तिच्या हातात दे.

आपल्या शहरावरचं एक काम तुला दाखवायचं आहे. धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९६५ मध्ये छापली गेली. विणकर, गिरणी कामगार, कुटुंबांचे खर्च, सगळं त्यात आहे. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. त्या माणसांनी काय खाल्लं, किती भाडं भरलं, हे आज सांगता येतं ते त्या तक्त्यांमुळे. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे. तक्ते कसे मांडलेत, तळटीपा कशा दिल्यात, ते बघायला मिळेल.

येत्या रविवारी ये. चौथ्या प्रकरणाचे तक्ते छापून आण, लॅपटॉपवर दाखवू नकोस, मला कागदावर खुणा करायच्या आहेत. तुझ्या गाइडना फोन करून मी भेटायला येते म्हणून सांगितलंय. प्रकरणाबद्दल बोलणार नाही, त्यांची तब्येत विचारायची आहे. ते आपणहून विषय काढतील तर ऐकून घेईन. फेलोशिपचे आजवर दिलेले सगळे अर्ज तारखेप्रमाणे लावून फाइल आण, आपण मिळून एक पत्र तयार करू, आणि सोमवारी ते कचेरीत देऊन आवक क्रमांक घेऊनच परत येऊ. पंधरवडा शनिवारी भरतोय ना? मग आधी फेरी कर, आणि नंतर इकडे ये. जेवायलाच ये, भाकरी आणि शेंगाची चटणी करते.

तुझ्या
मॅडम